भावाचे जीवाणू

न्यूमोनिया बरा झाला आणि आईला जुलाब सुरू झाले. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निघाला. अँटिबायोटिकनं न्यूमोनियाच्या जंतूंबरोबर आतड्यातली राखणदार वस्तीही उठवली होती. ही वस्ती पित्तातल्या आम्लांचं रूप बदलते आणि त्या आम्लांमुळे हा जंतू दबलेला राहतो. आता त्याला मोकळं रान मिळालं. औषधाचा कोर्स संपला की पुन्हा जुलाब. आई पार खंगली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "मलप्रत्यारोपण करू या. निरोगी माणसाचा मल सलाइनमध्ये कालवून, गाळून आतड्यात सोडायचा." 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत पहिल्याच खेपेला 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले होते, नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4.

"मी देते," मी म्हणाले. त्यांनी माझं वजन विचारलं, मग उंची. "तुमचं नको. भावाला बोलवा."

मी कारण विचारलं. अमेरिकेत एका बाईला तिच्या जाड मुलीचा मल दिला होता. संसर्ग गेला, पण पुढे तिचं वजन खूप वाढलं. 2015 मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण सेंट लुइसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत एक लठ्ठ, एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जीवाणू जंतुविरहित उंदरांना दिले, तेव्हा लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. उलट, 2012 च्या एका चाचणीत सडपातळ दात्यांचा मल दिल्यावर इन्सुलिन काही आठवडे जास्त प्रभावी ठरलं, वजन मात्र घटलं नाही. म्हणूनच जीवाणूंच्या कॅप्सूल खाऊन बारीक व्हा, अशा जाहिराती पाहिल्या की मला संताप येतो.

भावाच्या रक्ताच्या, मलाच्या तपासण्या झाल्या. औषधांना न जुमानणारे जंतू तर नाहीत ना, हेही पाहिलं. आई संकोचून गेली होती. भाऊ म्हणाला, "माझी दुपटी धुतलीस ना? मग आता लाजायचं काय?"

काही दिवसांत जुलाब थांबले. आता ती ज्वारीची भाकरी, कडधान्यं, पालेभाज्या नेमानं खाते. त्यांतल्या तंतूंपासून जीवाणू ब्युटिरेट बनवतात; आतड्याच्या अस्तराला ते पोसतं, प्रतिकारशक्तीचा अतिरेकही आवरतं. आणि दाताचा डॉक्टर जरी अँटिबायोटिक लिहायला लागला, तरी आई आधी त्याला ही सगळी हकिकत सांगते, भावाच्या मलासकट.