अजनीच्या पत्त्यावर तीन पत्रं

तेहाचापी, कॅलिफोर्निया

ती. दादास, सा. नमस्कार.

बोरघाटात मालगाडीला मागून ढकलणारा बँकर लागतो, त्या बँकरमध्ये माणसं असतात, आणि पुढच्या-मागच्या इंजिनांचा मेळ शिट्यांनी आणि वॉकीटॉकीनं घातला जातो. हे तुला सांगायला नको. इथला घाट आपल्याइतका उभा नाही. आपला सदतीसास एक, तर हा साधारण पन्नासास एक. पण गाड्या आपल्या दुप्पट-तिप्पट लांब, आणि शेवटच्या इंजिनात कुणीही नसतं. पुढचा चालक ताकदीचा जो नॉच देतो तो रेडिओवरून मागच्या इंजिनाला कळतो आणि तेही तसंच ओढू किंवा ढकलू लागतं. ब्रेकचंही तेच. काही गाड्यांत असंच एखादं बिनमाणसाचं इंजिन मधोमधही असतं. या पद्धतीला इथे नुसतं ‘डीपी’ म्हणतात, म्हणजे वाटून दिलेली ताकद. १८७६ मध्ये बांधलेलं इथलं वेटोळं जेमतेम १.१५ किलोमीटरचं आहे. गाडी त्याहून लांब असली की तिचं तोंड तिच्याच शेपटीवरून जातं, आणि पुढचं व मागचं इंजिन दोन मजल्यांसारखी एकावर एक दिसतात. दोन्हींची तुलना करायला याहून सोयीची जागा नाही, आणि तुलना केली की प्रश्न पडतो तो असा: यातलं कुठलं इंजिन रेडिओचा हुकूम ऐकू शकतं, हे बाहेरून ओळखायचं कसं?

बाहेर लिहिलेलं तसं पुष्कळ असतं. अमेरिकेच्या नियमानुसार प्रत्येक इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, जे टोक ‘पुढचं’ धरायचं त्याच्याजवळ, ‘एफ’ हे अक्षर वाचता येईल असं लिहावंच लागतं, आणि क्रमांकही. युनियन पॅसिफिक कंपनी कॅबच्या बाजूला बारीक अक्षरांत इंजिनाची जात लिहिते, उदाहरणार्थ ‘सी४५एसीसीटीई’: सहा आसं, ताकदीचा आकडा, एसी मोटारी, आणि चाक न घसरू देता खेचण्याची नियंत्रण-व्यवस्था. सीएसएक्स कंपनीनं एसी मोटारींच्या इंजिनांवर क्रमांकाखाली पिवळी वीज रंगवली. म्हणजे मोटार कसली हे सांगायला जागा आहे, रंग आहे, हौसही आहे. युनियन पॅसिफिकच्या त्या बारीक अक्षरांत रेडिओचा मात्र उल्लेख नाही. जाणकार टपावरच्या अँटेना पाहून अंदाज बांधतात, पण टपावर इतर कामांच्या अँटेनाही असतात, आणि यार्डात जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला टप दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ही खूण हवी, आणि ती फक्त एकच गोष्ट सांगणारी हवी: या इंजिनात डीपीची सोय आहे. ते पुढे चालणार की मागे, हे तिनं सांगू नये. यंत्रणा आज चालू आहे की बंद, हेही सांगू नये. या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की खूण असून नसल्यासारखी होते, आणि बहुतेक आक्षेप या सरमिसळीतूनच येतात.

सोय कळणं का गरजेचं, ते गाडी जोडण्याच्या रीतीतून दिसतं. मागे दोन-तीन इंजिनांचा जुडगा असेल, तर त्यांतल्या एकाच इंजिनात रेडिओची पेटी असून भागतं. बाकीची, इंजिनांना एकमेकांशी जोडणाऱ्या नेहमीच्या एमयू केबलनं, त्याच्या मागे चालतात. म्हणजे प्रश्न ‘किती इंजिनं’ हा नसून ‘हुकूम घेणारं कोणतं’ हा आहे. ते ठरलं की माणसानं त्या मागच्या इंजिनात चढून पुढच्या इंजिनाचा क्रमांक भरायचा, आणि आपलं तोंड पुढच्याच दिशेला आहे की उलट, ते सांगायचं. इथे ते ‘एफ’ अक्षर कामाला येतं, कारण दिशा उलटी भरली तर पुढचं ओढेल आणि मागचंही स्वतःकडे ओढेल. मग पुढच्या इंजिनात जाऊन मागच्याचा क्रमांक भरायचा, जोडणी तपासायची, ब्रेक पाइप टोकापासून टोकापर्यंत सलग आहे याची चाचणी घ्यायची. दोन इंजिनांमधलं अंतर दोन किलोमीटर असू शकतं. जुडग्यात नेमकं बिनपेटीचं इंजिन हुकूम घ्यायच्या जागी लागलं असेल, तर ते गाडी जोडून झाल्यावर कळतं, आणि मग पुन्हा शंटिंग. खुणेची किंमत एक डबा रंग. चुकीची किंमत यार्डाची एक रूळवाट अडकून पडणं.

तुझा,
धाकटा


जिलेट, वायोमिंग

ती. दादास, सा. नमस्कार.

इथे चढ फारसा नाही, कोळसा आहे. पावडर रिव्हर खोऱ्यातून सव्वाशे-दीडशे वॅगनच्या गाड्या निघतात, दोन्ही टोकांना इंजिनं लावून. पहिला मोठा आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. मुख्य मार्गावरच्या नव्या, मोठ्या इंजिनांत ही यंत्रणा बहुतेक असतेच. मग जे सगळ्यांकडे आहे त्याची खूण कशाला? शिवाय कुठल्या इंजिनात काय आहे ते कंपनीच्या संगणकात नोंदलेलं असतं. यातला पहिला भाग मला मान्य आहे. सगळा ताफा एकसारखा झाला की खूण अपवादावर लावावी, नियमावर नाही. पण ताफा एकसारखा होईपर्यंतचा काळ लांब असतो, जुनी इंजिनं चाळीस-चाळीस वर्षं ओढत राहतात, आणि इथल्या कंपन्या एकमेकांची इंजिनं सर्रास वापरतात. आज आपल्या गाडीला आलेलं इंजिन दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या पिढीचं असू शकतं. संगणकातली नोंद मालकाला सोयीची. परक्या यार्डात, रात्रपाळीला, त्या इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्या पत्र्यावर लिहिलेलं जास्त सोयीचं. आणि नोंद व पत्रा जुळत नसतील, तर तेवढ्यानंच चौकशी करायला कारण मिळतं. फक्त नोंद असली तर ती चुकली आहे हे कळायला मार्गच नाही.

इंजिन पुढचं की मागचं ही भूमिका रंगवू नये असं मी म्हणतो, त्याला या पद्धतीचा इतिहास साक्षी आहे. साठीच्या दशकात फ्लॉरिडातल्या रेडिएशन इन्कॉर्पोरेटेड या कंपनीनं अमेरिकेच्या सदर्न रेल्वेसाठी ‘लोकोट्रोल’ बनवलं. पुढे ते हॅरिसकडे, मग जीईकडे आणि आता वॅबटेककडे आलं. सुरुवातीची उपकरणं अवजड होती. काही रेल्वेंनी ती वेगळ्या डब्यात बसवून तो डबा इंजिनांना जोडला. असा डबा हीच खूण होती, दुसरी लागतच नव्हती. काही ठिकाणी मात्र हुकूम देणारी इंजिनं वेगळी आणि घेणारी वेगळी ठरवून टाकली. परिणाम उघड होता: घेणारं इंजिन नेमकं पुढच्या टोकाला सापडलं की त्याची पेटी निरुपयोगी, आणि देणारी दोन मिळून एक गाडी होत नाही. लग्नाचा फेटा नवऱ्या मुलाच्या डोक्याला कायमचा शिवून टाकण्यातला प्रकार. आजची पेटी दोन्ही कामं करते. खाणीच्या टोकाला फिरायचं वेटोळं नसेल तर गाडी न वळवताच शेपटीचं इंजिन तोंड होतं, आणि जोडणी उलट्या नात्यानं पुन्हा केली जाते. जे नातं दिवसातून दोनदा बदलू शकतं ते पत्र्यावर लिहिण्यात अर्थ नाही. त्याची जागा चालकाच्या पडद्यावर.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण इथे आठवतं, कारण ते टोकाचं आहे. २१ जून २००१ रोजी पिलबारात बीएचपीनं यांडीहून पोर्ट हेडलंडला ६८२ वॅगनची, ७.३ किलोमीटरहून लांब लोहखनिजाची गाडी नेली. आठ इंजिनं, एक चालक. तिथे खुणेची फारशी गरज नव्हती असं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल: एक मालक, एक मार्ग, एकाच जातीची इंजिनं. खुणेची गरज गाडीच्या लांबीनं वाढत नाही. ताफ्यात जितकी भेसळ तितकी ती वाढते. हे लक्षात घेतलं की अमेरिकेनं काय केलं यापेक्षा आपल्याकडे काय करावं हा प्रश्न सोपा होतो. पण त्याआधी एक आक्षेप उरतो, तो पुढच्या पत्रात.

तुझा,
धाकटा


रेव्हलस्टोक, ब्रिटिश कोलंबिया

ती. दादास, सा. नमस्कार.

कॅनडात डीपीचं कारण नुसता चढ नाही, थंडीही आहे. कडाक्याच्या थंडीत पाइपांच्या जोडांतली रबरं आखडतात, हवा गळते, आणि लांब गाडीच्या शेपटीपर्यंत ब्रेकचा दाब पुरत नाही. मध्ये किंवा मागे इंजिन असलं की हवा दोन-तीन ठिकाणांहून भरली जाते, आणि ब्रेक लावण्याचा हुकूम पाइपातून सरकत जाण्याची वाट पाहावी लागत नाही. रेडिओ तो सगळ्या इंजिनांत एकाच वेळी पोचवतो. कॅनेडियन पॅसिफिकनं रॉकीजमधल्या या मार्गावर ही पद्धत फार पूर्वीच घेतली. रॉजर्स खिंडीखालचा १४.७ किलोमीटरचा माउंट मॅक्डोनल्ड बोगदा १९८८ मध्ये सुरू झाला. त्याआधी पश्चिमेकडे जाणाऱ्या जड गाड्यांना इथे ढकलायला वेगळी इंजिनं लावावी लागत. बोगद्यात रेडिओचा संपर्क तुटला तर काय, हा प्रश्न तुझ्या मनात येणार. अशा वेळी मागचं इंजिन शेवटच्या हुकुमावर चालत राहतं, पण ब्रेक पाइपातला दाब घटल्याचं त्याला जाणवलं की ते स्वतःच ओढणं सोडतं. जुना हवेचा पाइप हाच रेडिओचा जामीनदार आहे.

आता तो आक्षेप: रंग खोटं बोलू शकतो. पेटी बिघडली, काढून दुरुस्तीला पाठवली, आणि बाहेर खूण तशीच. त्यापेक्षा खूणच नको, म्हणजे प्रत्येक जण तपासून पाहील. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण असाच तर्क लावला तर अग्निशामकाच्या खोक्यावरचं नावही पुसावं लागेल, कारण आतलं नळकांडं रिकामं असू शकतं. खुणेनं तपासणी टळत नाही, तपासणी कुठे करायची ते कळतं. तब्येतीची नोंद वेगळ्या जागी असते. अमेरिकेत प्रत्येक इंजिनाच्या कॅबमध्ये तपासणीचं निळं कार्ड लावलेलं असतं, आपल्याकडे लॉगबुक असतं. बाहेरची खूण सांगणार ‘आहे’, आतलं कागदपत्र सांगणार ‘चालू आहे’, आणि जोडणीची चाचणी सांगणार ‘या गाडीत, आत्ता, ऐकतंय’. तिन्ही पायऱ्या हव्यात. पहिली नसली तर माणूस दुसरी-तिसरी चुकीच्या इंजिनात करत बसतो.

आपल्याकडची गोष्ट वेगळी यासाठी की आपला ताफा भेसळीचा आहे आणि अजून बराच काळ राहणार. मालगाड्यांची डब्ल्यूएजी-९ इंजिनं हजारोंच्या संख्येत आहेत. त्यांचे क्रमांक कारखान्यातून बाहेर पडण्याच्या क्रमानं पडलेले, त्यामुळे पेटी मागाहून कुणात बसवली हे क्रमांकावरून कळणं शक्य नाही. गाडीची लांबी तर वाढतेच आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोरबाहून नागपूर विभागातल्या राजनांदगावला ‘सुपर वासुकी’ गेली: पाच भरलेले रेक, २९५ वॅगन, साडेतीन किलोमीटर, पंचवीस हजार टनांहून जास्त. अशा जोडगाड्यांच्या मधल्या इंजिनांत माणसं बसवत राहायचं की रेडिओवर विसंबायचं, हा पुढच्या काळातला खर्चाचा मोठा प्रश्न आहे. तू म्हणशील की तुझ्या अजनीच्या इंजिन-शेडमध्ये कुठलं इंजिन कसं आहे ते फोरमनला तोंडपाठ असतं. असेल. पण गाडी अजनीच्या शेडमध्ये जुळत नाही, ती भिलाईला किंवा कोरब्याला जुळते, आणि तिथे ‘अजनी’ लिहिलेलं इंजिन हे पाहुणं असतं.

आपल्याकडे आणखी एक गिऱ्हाईक आहे जे इथे नाही. स्टेशनातून धडधडत जाणाऱ्या गाडीकडे आपला स्टेशन मास्तर, पॉइंट्समन आणि फाटकवाला पाहत असतो. त्यानं दाखवलेल्या हिरव्या बावट्याला इंजिनातून आणि गार्डच्या डब्यातून उत्तर अपेक्षित असतं. गाडीच्या मधोमध चालू इंजिन आलं आणि कॅबमध्ये कुणीच नाही, तर त्यानं काय समजायचं? खूण असेल तर रिकामी कॅब ही घाबरण्याची गोष्ट राहत नाही. खूण नसलेल्या चालू इंजिनाची कॅब रिकामी दिसली, तर मात्र पुढच्या स्टेशनाला फोन करायलाच हवा. डब्यांना इंजिनातून थेट वीज पुरवणाऱ्या डब्ल्यूएपी-७ वर ‘एचओजी’ लिहिलेलं असतं आणि त्याबद्दल कुणी वाद घालत नाही. तेव्हा रंगाला जागा नाही असं कुणी म्हणू नये.

खूण कशी असावी याबद्दल माझं मत थोडं हट्टाचं आहे. दोन्ही बाजूंना, दोन्ही कॅबच्या दारांजवळ, म्हणजे चार ठिकाणी. टपाशी नको, जमिनीवरच्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. क्रमांकापासून वेगळी, नाहीतर क्रमांकाचाच भाग समजून कुणीतरी पेटीत भरील. सात अक्षरांचं इंग्रजी संक्षेप-नाव नको, एक ठसठशीत आकार आणि त्याखाली देवनागरीत ‘डीपी’ पुरे. कोळशाच्या धुळीत साधा रंग आठवड्यात दिसेनासा होतो, म्हणून उजेड परतवणारी पट्टी. अमेरिकेनं २००५ च्या नियमानं मालवाहू डब्यांवर आणि इंजिनांवर अशा पट्ट्या लावणं बंधनकारक केलंच आहे, तेव्हा ही वस्तू काही प्रयोगशाळेतली नाही. दोन वेगळ्या बनावटीच्या पेट्या एकमेकींचं ऐकत नसतील, तर आकाराचा रंग बनावटीप्रमाणे वेगळा. मात्र हा इलाज तात्पुरता समजावा. कायमचा इलाज म्हणजे त्यांना एकमेकींचं ऐकायला लावणं, आणि तो रंगाऱ्याचा विषय नाही. आणि पेटी इंजिनातून काढली की पट्टीवर त्याच पाळीत काळं फडकं नाहीतर झाकण चढलं पाहिजे. हे काम रंगशाळेकडे न देता पेटी काढणाऱ्या फिटरच्याच कामाच्या यादीत घालावं, कारण रंगशाळेकडे इंजिन पुन्हा कधी जाईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्या शेडमधल्या मंडळींना यातलं काय पटतं ते विचारून कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा