गाडीचे पाणी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संस्थेचा निरोप आला तेव्हा आमच्याकडून सातवाहनांवर किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामावर काहीतरी येईल, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. इतिहासाच्या शिक्षकाकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु वसतिगृहातील मुले आम्हाला इतिहासापेक्षा आमच्या जुन्या मारुती ८०० विषयीच अधिक विचारतात. रविवारी मैदानाच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहिलो की पाच-सात जण भोवती जमतात. "सर, एवढा पगार असून तुम्ही स्वतः का करता?" हा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

आमचे वडील नांदेडला ट्रकच्या एका गॅरेजात हेल्पर होते. काम मिस्त्रीचे करीत, पण मिस्त्री म्हणून त्यांना कोणी हाक मारल्याचे आम्हाला आठवत नाही. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक गुळगुळीत, फिकट चट्टा होता. लहानपणी तो आम्हाला त्यांच्या हाताचाच भाग वाटे. विचारावे असे कधी सुचले नाही. पोरांनी गॅरेजात पाऊल टाकायचे नाही, हा त्यांचा दंडक. डबा पोचवायला गेलो तरी रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारायची. "हात काळे कराया मी हाय. तू पुस्तक धर," असे ते म्हणत. आम्ही पुस्तक धरले. एम. ए. झालो, नोकरीला लागलो, लातूरला बिऱ्हाड केले आणि पंचेचाळिशी उलटेपर्यंत पान्याला हात लावला नाही. या गोष्टीचा आम्हाला अभिमान वाटे, हेही कबूल केले पाहिजे.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. माणसांचीच ही दशा, तेथे गाडीच्या पाण्याचा विचार कोण करणार? रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसले की आम्ही बोअरचे खारट पाणी तांब्याने ओतत असू. ते पिण्याच्या कामाचे नव्हते, म्हणजे गाडीला चालेल, असा आमचा हिशेब. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजात नवीन कूलंटचे पैसे मोजले होते. तेथे हिरवा रंग घातलेले साधे पाणीच भरले गेले होते, हे पुढे उघड झाले.

मे महिन्यात वडिलांना भेटायला नांदेडला निघालो. अहमदपूर मागे टाकले आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. बॉनेटमधून वाफ दिसली तसे गाडी बाजूला लावून आम्ही घाईने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. सुदैवाने तेवढ्यात वडिलांचा फोन आला, कुठवर पोचलास म्हणून. वाफेचे सांगताच ते फोनवर ओरडले, "झाकणाला हात लावू नगं! आधी बाजूला सर!" आम्ही सरलो. बाभळीच्या विरळ सावलीत दीड तास बसून राहिलो. जवळच्या चहाच्या टपरीवाल्याने न मागता दोन तांबे पाणी दिले. त्या वर्षी दोन तांबे म्हणजे काय होते, ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सांगूनही कळणार नाही.

रात्री वडिलांनी चट्ट्याची गोष्ट सांगितली. भर उन्हात तापून आलेल्या ट्रकचे झाकण उघडायला मालकाने घाई केली होती, एवढीच ती गोष्ट. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, आपल्या लातूरच्या उंचीवर त्याहून दोनेक अंश आधीच; पण झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी ११५ अंशांच्या पुढेही न उकळता राहू शकते. झाकण निघाले की दाब जातो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते अंगावर येते. वडिलांना यातले अंश ठाऊक नव्हते. त्यांना झाकण ठाऊक होते.

सकाळी आम्ही म्हणालो, "दादा, हे काम मीच करतो. तुम्ही फक्त सांगा." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी का?" आणि उठून जुन्या पेटीतून पाने काढून आणले.

एंजिन रात्रभर थंड झालेले होते. त्यांनी झाकणावर जाड फडके टाकायला लावले, थंड असूनही. खाली घमेले ठेवून रेडिएटरचा ड्रेन कॉक सैल केला तेव्हा चहाच्या रंगाचे पाणी आले आणि त्यात पांढरट-तांबूस खपल्या. एक खपली घेऊन आम्ही तिच्यावर लिंबू पिळले. ती बारीक फसफसली. वडिलांना नवल वाटले. आपल्या दगडाळ जमिनीतून येणारे बोअरचे पाणी क्षारांनी जड असते. तापले की त्यातला चुना सुटून नळ्यांच्या आतून बसतो, चहाच्या भांड्याला बसतो तसाच. रेडिएटरच्या नळ्या आधीच बारीक. त्यांत असा थर बसल्यावर पाणी फिरते, पण उष्णता बाहेर पडत नाही. तांबूस होता तो गंज. म्हणजे प्यायला नालायक ठरवलेले पाणी आम्ही एंजिनाला पाजले होते आणि एंजिनानेही ते नाकारले होते.

आता धुण्याचा प्रश्न. गाडीत जेमतेम साडेतीन लिटर पाणी मावत असेल, पण ते चार वेळा भरून सोडायचे म्हणजे चौदा लिटर झाले. गल्लीत नळाला पाणी दोन दिवसांनी येत होते. शेजारच्या मावशी घागर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घागरीला न्हाई अन् गाडीला आंघोळ?" आम्ही खाली मान घातली. वडिलांनी उत्तर दिले नाही. पहिले सोडलेले पाणी त्यांनी बादलीत निवत ठेवले, तासाभराने वरचे पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून घेतले आणि दुसऱ्या धुण्याला तेच वापरले. तिसऱ्यालाही तेच. प्रत्येक वेळी हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे हीटरच्या नळ्याही धुतल्या जातात. आणि वरचा होजपाइप तापेपर्यंत एंजिन चालवायचे. तो तापला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी एंजिनातून सगळीकडे फिरू लागले. मग पुन्हा थंड होऊ द्यायचे. सगळा दिवस त्यात गेला. शेवटचे धुणे मात्र बॅटरीच्या दुकानातून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरनेच करायचे, असा आम्ही हट्ट धरला, कारण शेवटी आत राहील ते पाणी क्षाररहित हवे.

कूलंट ही वस्तू वडिलांना नवी होती. त्यांच्या काळी ट्रकवाले डालड्याच्या डब्याने नदीचे पाणी भरीत. "हितं कुठं बर्फ पडतो?" असे ते म्हणाले, आणि हा प्रश्न आजही अनेक सुशिक्षित लोक विचारतात. इथिलीन ग्लायकॉल हा द्रव थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आला, हे खरे. अमेरिकेत तो १९२७ मध्ये 'प्रेस्टोन' या नावाने बाजारात आला. (इतिहासाच्या शिक्षकाच्या मनात १९२७ म्हटले की चवदार तळेच उभे राहते, त्याला इलाज नाही.) परंतु तोच द्रव पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो, आणि त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये एंजिनातील ॲल्युमिनियम व लोखंड सांभाळतात. आपल्याकडे त्याचे काम गोठण्याशी नसून तापण्याशी व गंजण्याशी आहे. ही गंजरोधके कालांतराने संपतात. जुन्या प्रकारच्या हिरव्या कूलंटची ती साधारण दोन वर्षांत ओसरतात, म्हणून पातळी भरलेली दिसली तरी ते बदलावे लागते. रंगावर विश्वास ठेवू नये. रंग कंपनी घालते, आणि आमच्या अनुभवात गॅरेजवालाही घालतो.

आम्ही इंग्रजी पुस्तिका मराठीत वाचून दाखवीत होतो आणि वडील खुर्चीवर बसून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी थांबवले. रेडिएटर रिकामा केला तरी एंजिनाच्या पोटात पाणी उरतेच. मग दुकानातले तयार, अर्धे-अर्धे मिसळलेले कूलंट ओतले तर ते आत आणखी पातळ होणार नाही का? पुस्तिकेच्या त्या पानावर हे नव्हते. दुकानात जाऊन आम्ही तयार डबा परत केला आणि न मिसळलेले कूलंट आणले. एकूण मापाच्या निम्मे तेच आधी ओतायचे, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. सातवी शिकलेल्या माणसाने आमची एम. ए.ची पदवी त्या दुपारी खाली बसवली, आणि आम्हाला त्याचे वाईट वाटले नाही.

हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढावर करून, झाकण उघडे ठेवून एंजिन हळू चालवले. वडील वरचा होजपाइप दाबत होते. बुडबुडे येत, पातळी खाली जाई, आम्ही ओतत होतो. शेवटी त्यांनी आमचा हात धरून होजवर ठेवला. "आता आत हवा न्हाई. समजलं का?" आम्हाला काही समजले नव्हते. पाचव्या-सहाव्या वेळी, स्वतःच्याच गाडीवर, समजले.

काम सगळेच सुरळीत झाले असे नाही. पंधरा दिवसांनी रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब पडू लागले. चुन्याच्या थरानेच ते भोक बुजवून ठेवले होते. वडिलांनी आधीच सांगितले होते की जुन्या गाडीचा मळ काढला की तिची दुखणी वर येतात. रेडिएटर काढून झाळावा लागला.

काढलेले पाणी गटारात किंवा झाडाच्या बुडात टाकू नये, हे मुलांना आम्ही पहिल्यांदा सांगतो. ग्लायकॉल गोड लागते, म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि ते जीवघेणे विष आहे. आमच्या कॅनवर वडिलांनी कोळशाने 'ईष' असे लिहिले होते. ऱ्हस्व-दीर्घच काय, अक्षरही चुकलेले. आम्ही ते दुरुस्त केले नाही.

ते २०१९ मध्ये गेले. पाने आमच्याकडे आहेत. गेल्या महिन्यात वसतिगृहाची जुनी जीप बाजारातून तापून परतली, तेव्हा नववीतला एक मुलगा बॉनेट उघडून झाकणाकडे वळला. आम्ही वऱ्हांड्यातून ज्या आवाजात ओरडलो, तो आवाज आमचा नव्हता. मुलगा दचकून बाजूला सरला. मग तासभर आम्ही सगळे जीपच्या सावलीत बसलो. जीप थंड झाल्यावर त्यालाच फडके दिले आणि सांगितले, "आता हळू फिरव."