सासुरवाडीचं सांबर

लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थांनी मला सांगितलं होतं, "मंडळी भोरची. घर जुनं, माणसं चांगली, दिवाणखान्यात सांबर आहे." मी पडलो पुण्याच्या पेठेतला, त्यातून बी. कॉम. सांबर म्हटलं की मला इडलीच आठवणार. दिवाणखान्यातच खाण्यापिण्याची सोय असलेलं घर मला तिथल्या तिथे पसंत पडलं. मुलगी नंतर पाहिली. तीही पसंत पडली.

सगळा घोटाळा एका कान्याचा होता. दिवाणखान्यात शिरलो तर समोरच्या भिंतीवर, पार आढ्याजवळ, सागवानी फळीवर दोन भली थोरली शिंगं! प्रत्येकाला तीन तीन टोकं. त्यांतलं उजवं चार बोटं आखूड. आणि त्यांच्या बरोब्बर खाली जावयाची खुर्ची. गेल्या अठरा वर्षांत त्या घरात मी जे जे पक्वान्न खाल्लं, ते डोक्यावर शिंगं घेऊनच खाल्लं.

शिंगांबरोबर एक गोष्टही यायची. ती दर दिवाळसणाला, फराळाआधी. गोष्टीचे नायक आबा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे वडील. आबा भोर संस्थानच्या खजिन्यात कारकून होते. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि आबा मामलेदार कचेरीत विलीन झाले. तर १९५६ सालच्या थंडीत हे आबा परवाना काढून, कुणाची तरी बंदूक उसनी घेऊन, वेल्ह्याकडच्या रानात गेले. पाणवठ्यावर मचाण बांधलं. वारा कुठून कुठे वाहतो ते पाहिलं, कारण सांबराचं नाक म्हणजे आमच्या ऑडिटरचं नाक. विडी नाही, खोकणं नाही, कूस बदलणं नाही. अशा रात्रीच्या रात्री काढल्या. शेवटी सांबर आलं आणि आबांनी साठ पावलांवरून एकाच गोळीत ते पाडलं.

साठ पावलं ही माझ्या पहिल्या दिवाळीची. दुसऱ्या दिवाळीला ऐंशी झाली. पाच वर्षांत सांबर दीडशे पावलांवर जाऊन उभं राहिलं. मी बँकेतला माणूस, चक्रवाढ व्याज दिसलं की ओळखतो. पण जावयाने बोलायचं नसतं. अण्णा, म्हणजे आमचे सासरे, गोष्ट संपवून माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "जावईबापू, नशीब वगैरे काही नसतं. साधना लागते."

हा बाण सांबरासाठी नसून माझ्यासाठी असे. बढतीच्या परीक्षेत मी तोवर तीनदा नापास झालो होतो आणि तिन्ही वेळा "नशीब नाही" असं घरी सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर नशिबाबद्दल मला थोडं कळतं. माझ्याही भिंतीवर एक शिकार टांगलेली आहे. बरीच वर्षं झाली. काउंटरवर मी नोटा मोजत होतो. शेजारी चहाचा पेला होता. तो माझ्याच कोपराने कलंडला. नोटांचं बंडल भिजलं आणि त्यातल्या एका नोटेचा रंग माझ्या बोटाला लागला. नोट खोटी होती! वरून पत्र आलं: "आपल्या तीक्ष्ण नजरेबद्दल अभिनंदन." चहाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता. मीही कुणाला सांगितला नाही. पत्राला चौकट करून घेतली. आता मीच माझ्या मुलाला सांगतो, "नोट हातात घेताक्षणी मला कळलं." सुरुवातीला म्हणत असे, "थोड्या वेळाने कळलं."

पुढे माझी बदली वेल्ह्याला झाली. शाखेतून बाहेर पडलं की समोर तोरणा उभा. त्या किल्ल्याकडे पाहिलं की आमचा हा घरगुती वाद मला हटकून आठवायचा. तोरण्यावर शिवाजीमहाराजांना पुरलेलं धन सापडलं, असं सांगतात. आता धन सापडणं हा नशिबाचा भाग. पण त्या धनातून महाराजांनी समोर राजगड उभा केला, तो नशिबाचा भाग नव्हे. आमच्यासारख्याला ते धन सापडलं असतं तर आम्ही मुदत ठेवीत टाकून व्याजावर ब्लॉक घेतला असता.

हे मी अण्णांना ऐकवलं. त्यांनी "हं" केलं. मग मी कॅनडातल्या मेहुण्याने फोनवर सांगितलेला दाखला काढला. तिकडे पांढऱ्या शेपटीचं एक हरीण असतं. त्याच्या शिंगांची लांबी, घेर, टोकं हे सगळं पट्टीने मोजतात आणि बेरीज करून गुण देतात. म्हणजे आमच्या बढतीच्या परीक्षेसारखंच, फक्त इथे ज्याला गुण मिळतात तो आधी मरतो. तर १९९३ साली सस्कॅचवान प्रांतातल्या बिगर गावाजवळ मायलो हॅन्सन नावाच्या एका शेतकऱ्याने असा नर मारला. त्याच्या शिंगांना २१३ पूर्णांक पाच अष्टमांश गुण पडले. जागतिक उच्चांक! जन्मभर त्याच्या मागे लागलेले मोठमोठे शिकारी राहिले बाजूला, आणि शेजाऱ्यांबरोबर बर्फात माग काढत निघालेल्या एका शेतकऱ्याच्या पुढ्यात ते येऊन उभं राहिलं. आधीच्या गोळ्या तर चुकल्याच होत्या.

"म्हणजे नशीबच की, अण्णा!"

"माग काढत निघाला होता ना?" अण्णा म्हणाले. "घरी बसला असता तर दिसलं असतं का? तुमच्या परीक्षेचं पुस्तक कुठाय?"

मी लाडू घेतला.

हा सामना असाच बरोबरीत चालला असता. पण गेल्या वर्षी घराला रंग काढायचं ठरलं. खरं म्हणजे दर चार-पाच वर्षांनी रंग निघायचा, पण शिंगं खाली उतरवायची अण्णांची परवानगी नसे. रंगारी त्यांच्याभोवतीनं कुंचला फिरवत. फळीमागे बहुधा १९५६ सालचा चुना असावा. या खेपेला भिंतीला ओल आली होती, त्यामुळे इलाज नव्हता. त्यात आमच्या हिचा चुलतभाऊ वकील आहे. त्याने शिंगांकडे बोट दाखवून विचारलं, "याचं प्रमाणपत्र आहे ना? १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. शिंग घरात ठेवायचं तर नोंद लागते. २००३ साली सरकारने राहिलेल्यांना १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा केली होती का नोंद?"

घरात धावपळ उडाली. अण्णा देवळात गेले होते. कागदपत्रं शोधणं हे माझंच खातं, म्हणून माळ्यावरची ट्रंक मी उघडली. प्रमाणपत्र सापडलं. त्याला टाचलेली अण्णांच्या अर्जाची नक्कलही सापडली. सुवाच्य अक्षर, तारीख २००३. त्यात लिहिलं होतं: "सदर शिंगे रानात पडलेली मिळाली."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. तीस हजार कर्ज-अर्ज तपासलेल्या माणसाचा अनुभव सांगतो. माणूस गोष्टीत खोटं बोलेल, सहीच्या वर बोलणार नाही.

रंगाऱ्याने शिंगं खाली उतरवली होती. आता मी ती निरखून पाहिली. काळवीट आपली शिंगं जन्मभर बाळगतं. सांबराचं तसं नाही. त्याची शिंगं साधारण दर वर्षी आपोआप गळून पडतात आणि नवी फुटतात. मारलेल्या जनावराची शिंगं असली तर खाली कवटीचं हाड येतं. इथे हाड नव्हतंच. दोन्ही शिंगांची बुडं गोल, खडबडीत, गळून पडलेल्या शिंगाची असतात तशी. आणि ते आखूड उजवं! ते म्हणे दुसऱ्या नराशी झुंजताना तुटलं होतं. त्याच्या टोकावर बारीक दातांच्या रांगा होत्या. रानात पडलेली शिंगं साळिंदर कुरतडतं.

अठरा वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी माझ्या हातात होती. अण्णा आले. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, खाली ठेवलेली शिंगं पाहिली आणि माझ्या खुर्चीत बसले.

"आबा अकरा रात्री बसले मचाणावर," ते हळूच म्हणाले. "ते खोटं नाही. बाराव्या रात्री सांबर आलं. साठ पावलांवर. तेही खोटं नाही. आबांनी बार काढला आणि तो हुकला."

"मग शिंगं?"

"बरोबर एक धनगर होता, वाट दाखवायला. मचाण कुठे बांधायचं, वारा कुठला, सगळं त्यानेच सांगितलेलं. कुठलं सांबर कुठे पाणी पितं, कुठे शिंग टाकतं, सगळं त्याला पाठ. सकाळी त्याने आपल्या छपरात खोचलेली दोन शिंगं काढून दिली. दोन वेगळ्या सालांची. म्हणाला, 'रावसाहेब, रित्या हातानं घरी जाऊ नगा.' आबांनी घरी येऊन शिंगं ओट्यावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. पण माझ्या आईने ती पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर गोष्ट झाली. कारकुनाच्या बायकोला मिरवायला दुसरं होतं काय! आबांनी स्वतः ती गोष्ट एकदाही सांगितली नाही आणि पुन्हा बंदूक हातात घेतली नाही. जाताना फक्त मला सांगितलं. म्हणाले, त्या धनगराचं नाव विचारायचं राहूनच गेलं."

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. साधना कुणाची होती हे आता दोघांनाही कळत होतं. भिंतीवर नाव मात्र दुसऱ्याचं होतं.

"तुमच्या सासूबाईंनाही माहीत नाही हे," अण्णा म्हणाले.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो. अठरा वर्षांत जावई म्हणून मी बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य असावं.

रंग वाळल्यावर शिंगं पुन्हा वर गेली. यंदाच्या दिवाळीत अण्णा माझ्या मुलाला गोष्ट सांगायला बसले. सांबर दीडशे पावलांवरून मुकाट्याने साठांवर आलं. गोष्टीत पहिल्यांदाच एक धनगर आला, आणि मचाण बांधेपर्यंत तोच नायक झाला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, हे कधी नव्हतं गोष्टीत!" अण्णा म्हणाले, "राहून जायचं." बाराव्या रात्री बार निघाला, आणि अण्णा थांबले.

"लागला?" मुलाने विचारलं.

"हुकला."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"मग सांबराचं काय झालं?"

"घरी गेलं."

मुलगा खूश झाला. म्हणाला, "नशीबवान सांबर!"

इतकी वर्षं आम्ही सासरे-जावई नशीब शिकाऱ्याचं की साधना शिकाऱ्याची यावर भांडत होतो. सांबरालाही नशीब असतं हे आम्हा दोघांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. थोड्या वेळाने सासूबाई चहा घेऊन आल्या. शिंगांकडे एकदा पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हुकला तेच बरं झालं." विषय संपला.

घरी आल्यावर मुलगा माझ्या चौकटीसमोर उभा राहिला. "बाबा, तुम्हाला ती नोट खरंच हातात घेताक्षणी कळली?"

माझ्या हातात चहाचा पेला होता. मी तो जपून टेबलावर ठेवला, कोपरापासून लांब, आणि म्हटलं, "बस. सांगतो."