कडेची नजर

बाबांना २५ मीटरवरची नंबरप्लेट आजही वाचता येते. लायसन्सच्या फॉर्मवर त्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिताना ते खोटं बोलले नव्हते.

पण काचबिंदू बहुतेकदा कडेची नजर आधी खातो. दुखत नाही, आणि रिकामी जागा मेंदूच भरून काढतो, म्हणून कळतही नाही.

दिवाळीआधी डावीकडून आलेली सायकलवरची मुलगी त्यांना दिसलीच नाही. मागे बसलेली मी ओरडले, म्हणून ब्रेक लागला.

“चष्म्याचा नंबर वाढला असेल,” बाबा म्हणाले. डॉक्टरांनी फील्ड टेस्ट केली. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकू शकते.

स्कूटरची किल्ली मीच मागितली. आता मंडईत जायचं तरी विचारतात, “वेळ आहे का गं तुला?”

भांडले असते तर बरं वाटलं असतं.