आठांतलं एकही नाही

साहिब, सिंध आणि सुलतान. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या पहिल्या गाडीला हीच तीन इंजिनं होती, असं शाळेतली पोरंही सांगतात. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, सगळं तोंडपाठ. ती इंजिनं घडली कुठे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. लँकेशायरमधल्या न्यूटन-ल-विलोजला चार्ल्स टेलरने वल्कन फाउंड्री काढली. ती गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची पहिली आठ इंजिनं तिथली. सुएझ कालवा व्हायचा होता. आफ्रिकेला वळसा घालून ती मुंबईच्या धक्क्याला लागली.

त्या आठांतलं आज एकही नाही. काम संपलं, मोडीत गेली.

माझे आजोबा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. इंजिनाचा पितळी शिक्का ते हातातल्या कापसाच्या बोळ्याने पुसायचे आणि कारखान्याचं नाव मोठ्याने वाचायचे. परक्या मुलखातल्या त्या कारागिरांना ते आपल्याच भावकीतले मानत. वाफेची इंजिनं गेली, तेव्हा ते कित्येक दिवस धड जेवले नाहीत. शेडमध्ये आता आवाजच नाही, एवढंच म्हणत.

वल्कनही २००२ मध्ये बंद पडली. कामगारांसाठी बांधलेली वस्ती तेवढी अजून नांदती आहे.

इंजिनं जपता येत नाहीत असं थोडंच आहे! लीड्सला १८५५ मध्ये बांधलेली आपली फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली. वल्कनने चीनसाठी १९३५-३६ मध्ये बांधलेल्या अजस्र इंजिनांपैकी एक चीनने परत भेट दिलं. ते यॉर्कच्या संग्रहालयात आहे. आणि ९०७३३ क्रमांकाचं इंजिन तर १९४५ मध्ये युद्धासाठी घाईने बांधलेलं, थोडी वर्षं चाललं तरी पुरे अशा बेताचं. ते स्वीडनमध्ये राखीव म्हणून पडून होतं. १९७३ मध्ये यॉर्कशायरच्या रेल्वेवेड्या लोकांनी ते घरी आणलं, वर्षानुवर्षं खपून २००७ मध्ये पुन्हा चालतं केलं.

तात्पुरतं म्हणून घडवलेलं राहिलं. ज्यांच्यापासून आपली रेल्वे सुरू झाली, त्यांचा एक बोल्टही कोणी बाजूला काढून ठेवला नाही, याचा मला अजून राग येतो. ठाण्याच्या फलाटावर त्यांतल्या एकाचं नुसतं चाक जरी असतं, तरी आजोबांना हाताला धरून मी तिथवर नेलं असतं.