दार उघडं ठेवून

टाकवे बुद्रुकची कॉलेजची पोरं सकाळी इंद्रायणीचा पूल ओलांडून कान्ह्याला येतात आणि लोकल पकडतात. तळेगाव, चिंचवड, शिवाजीनगर. जिथं प्रवेश मिळाला तिथं. आंदर मावळातल्या आतल्या गावांतली पोरंही याच वाटेनं येतात. कुणाची मोटारसायकल, कुणी कंपनीच्या टेम्पोत बसून. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती, आणि मधल्या रस्त्यावर ही पाठीला सॅक लावलेली वीस-एकवीस वर्षांची मुलं. त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते घरात फारसं कुणी विचारत नाही. मार्क विचारतात, नोकरीचं विचारतात. मरणाचं, देवाचं, पापाचं, एकटेपणाचं विचारत नाहीत.

मी नगरकडचा. आमच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा चौथ्या पिढीची. आजी जात्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायची. नोकरीमुळं इकडच्या कंपनीत आलो आणि इथलाच झालो. रविवारी उपासनेला तळेगावला जातो. आणि या पोरांपैकी कुणी विचारलं, तर त्याच्याशी येशूबद्दल बोलतो. एका वेळी एकाशीच. सभा घेत नाही, पत्रकं वाटत नाही. चार जण असले की पोरगं मित्रांसाठी बोलतं. एकटं असलं की स्वतःसाठी बोलतं. मलाही तेच लागू आहे. चौघांसमोर माझा आवाज आपोआप उपदेशाचा होतो. एकासमोर तसा लावला तर माझं मलाच ऐकवत नाही.

या कामात मला आधार वाटतो तो आगगाडीतल्या एका माणसाचा. 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. तो टिळकांशी अदबीनं वागला. बोलणं सुरू झालं ते संस्कृत काव्यावरून. धर्मावर आलं ते नंतर. उतरण्याआधी त्यानं टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते भाकीत पटलं नाही. पण पुस्तक वाचायचा शब्द त्यांनी दिला होता, म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थांबले. पुढं मुंबईचे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हेच अ‍ॅबट पुढं तुकाराम, एकनाथ, रामदास इंग्रजीत नेण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवणार होते.

गाडीतल्या त्या गृहस्थानं टिळकांचं नाव विचारलं नव्हतं, आणि टिळकांनी त्याचं. मराठी ख्रिस्ती समाजाला ज्याच्यामुळं आपला सर्वांत मोठा कवी मिळाला, त्या माणसानं पत्ता लिहून घेतला नाही, मागावर राहिला नाही, मोजदाद ठेवली नाही. भाकिताचं मला फारसं कौतुक नाही. समोरच्याच्या मनाचा निकाल आपण सांगू नये. पण संस्कृत काव्यावर रसानं बोलणं, ऐकणाऱ्याला विद्वान म्हणून मान देणं, पुस्तक त्याच्या हाती देऊन आपण बाजूला होणं, हे मला शिकण्यासारखं वाटतं. साक्ष द्यायची ती अशी.

मात्र डब्यात समोरासमोर बसलेले ते दोघंच नव्हते. टिळकांच्या मागं बायको लक्ष्मीबाई होत्या, लहान दत्तू होता, नाशिकचं गोत होतं. बाप्तिस्म्यानंतर नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. त्या वर्षांत लक्ष्मीबाईंवर जे गुदरलं ते त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला त्या पुस्तकात सर्वांत मोलाचं वाटतं ते नंतरचं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडं परत आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा निर्णय झाला तो त्यांच्या मनात, त्यांच्या वेळेला. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसानं मराठीत येशूची एवढी भजनं रचली, त्यानं स्वतःच्या स्वयंपाकघरात थांबायचं पत्करलं. धर्मांतरावर आज जी भाषणं होतात, त्यांत या थांबण्याबद्दल बाजूनंही कुणी बोलत नाही आणि विरोधातही नाही.

कॉलेजच्या मुलाशी बोलताना मला लक्ष्मीबाई समोर दिसतात. पोरगं एकटं बसलेलं असतं, पण त्याच्यामागं घर असतं. आई पहाटे उठून डबा करते. वडील माळकरी असतात. गावात हरिनाम सप्ताह असतो, काकड्याला टाळ धरायला हाच पोरगा हवा असतो. त्याच्याशी बोललेलं घरी पोचतंच. पोचावंही.

महाराष्ट्रात मिशनच्या शाळा-कॉलेजांचा इतिहास या ठिकाणी दुखरा आहे, आणि आम्हा ख्रिस्ती माणसांनी तो झाकू नये. मिशनरी जॉन विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेत 1839 साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रकरण कोर्टात गेलं, पारशी घरांनी मुलं शाळेतून काढून घेतली. 1843 मध्ये नारायण शेषाद्रींच्या बाप्तिस्म्यापाठोपाठ त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडं राहिला. तो अल्पवयीन. कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणाले. सनातनी मंडळी उलटली. धनजीभाई आणि नारायण शेषाद्री, दोघंही पुढं आयुष्यभर आपल्या श्रद्धेला धरून राहिले, त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण श्रीपतचं काय? एवढ्याशा पोरावरून मोठ्या माणसांची दोन्हीकडून ओढाताण झाली. त्याला स्वतःला काय वाटत होतं, हे विचारायला कुणाला सवड होती असं दिसत नाही.

म्हणून मी अठरा वर्षांखालच्या मुलाशी हा विषय काढत नाही. त्यानं काढला तर आईवडिलांना सांगून ये म्हणतो. आणि ज्याच्या हातात मुलाचे मार्क आहेत, नोकरी आहे, वसतिगृहाची खोली आहे, त्यानं त्या मुलाला साक्ष द्यायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. तिथं ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक उरत नाही. कंपनीत माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून येणाऱ्या पोरांशी मी म्हणूनच कामापुरतं बोलतो. त्यांनी विचारलं तर मंडळीतल्या दुसऱ्या कुणाशी गाठ घालून देतो.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. त्या स्वतः कुणाच्या दडपणाखाली बदलल्या नव्हत्या. सिल्चरला असताना लूकचं शुभवर्तमान बंगालीत त्यांच्या हाती लागलं, तेही घरातल्याच पुस्तकांत. पुण्यात नेहेम्या गोऱ्हे यांच्यासारख्या विद्वानाशी बोलणं झालं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. आणि मग मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांनाच रमाबाई पत्रांतून ठणकावत राहिल्या की माझी सदसद्‌विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली केलेली नाही. ती पत्रं वाचताना माझी मान ताठ होते. मराठी बाई ख्रिस्ताकडं गेली ती मान न वाकवता गेली.

त्याच रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं ठेवून. मुली आपणहून येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. माझं मन रमाबाईंच्या बाजूचं आहे. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार का लावून घ्यायचं? लपवण्यासारखं काय होतं? तरी रानडे-भांडारकरांचं म्हणणंही मला कळतं. तुमच्या छताखाली राहणारी, तुमचं अन्न खाणारी पोरकी विधवा मुलगी तुमच्या उघड्या दारातून आत येते, तेव्हा ती किती आपणहून आली हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. या दोन गोष्टींमध्ये मी आजही निकाल देऊ शकत नाही. पण दार उघडं ठेवायचं, हे मी रमाबाईंकडून घेतलं. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, चार लोकांच्या नजरेसमोर बसायचं. बंद खोलीत बसायचं नाही.

तिथंच सध्या एक पोरगा माझ्याबरोबर मत्तय वाचतो आहे. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुरुवात त्यानंच केली. मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकून आला होता आणि थेट म्हणाला, “काका, तुमच्यात आल्यावर पैसे देतात म्हणे. किती देतात?” मी म्हटलं, “कुणी दिलेच, तर ते परत कर आणि मला त्याचं नाव सांग.” चहाचे पैसेही आम्ही आळीपाळीनं देतो. हा नियम त्याचा.

पाचव्या अध्यायात एक जागा आहे. वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. पोरगा तिथं अडला. बोट ओळीवर ठेवून बराच वेळ गप्प बसला. मग सांगू लागला. त्यांचा चुलत्याशी बांधावरून वाद. पूर्वी तो बांध कुणी बघतही नव्हतं; कंपन्या आल्या, बंगल्यांचे प्लॉट पडले, गुंठ्याला भाव आला आणि हातभर जमिनीवरून तलाठ्याकडं खेटे सुरू झाले. दोन घरांचं बोलणं बंद. सप्त्यात दोन्ही घरं काल्याला येतात, पण एक पंगत उठल्याशिवाय दुसरं घर बसत नाही. चुलत बहिणीच्या लग्नाला हा गेला नाही. तिनं याला कडेवर घेऊन वाढवलेलं.

“म्हणजे देवळात जायच्या आधी चुलत्याकडं जायचं?” त्यानं विचारलं.

“असं लिहिलंय खरं.”

“चूक त्यांची असली तरी?”

“वाच परत. चूक कुणाची ते लिहिलंय का?”

त्यानं परत वाचलं. मग म्हणाला, “आमचे महाराज कीर्तनात हेच सांगतात, पण ते सांगतात तेव्हा चुलता दुसऱ्या टोकाला बसलेला असतो, म्हणून ऐकू येत नाही.”

मला त्या क्षणी त्याला येशूबद्दल बरंच काही सांगायचं होतं. सांगितलं नाही. त्या वचनानं त्याला जिथं नेलं होतं तिथं मी मध्ये उभा राहिलो असतो. आणि कीर्तनातल्या महाराजांना खोडून माझा प्रभू मोठा होतो असं मला कधी वाटलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. टाकव्याच्या पुलाखालून जाणारं पाणी पुढं देहूलाच जातं. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांनी ते गेले. तो दरबार टिकला नाही याची हळहळ मला आजही वाटते. या पोराला आज बसायला जागा द्यायची झाली, तर ती तसल्या दरबारातच देता येईल.

मंडळीतले काही जण मला विचारतात, इतके महिने वाचताय, निर्णय कधी? त्यांना मी निकदेमाची आठवण करून देतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो रात्री येशूकडं येतो, प्रश्न विचारतो, आणि संभाषणातून कधी नाहीसा होतो तेही कळत नाही. त्यानं काय ठरवलं ते लिहिलेलं नाही. पुढं एकदा न्यायसभेत तो येशूच्या बाजूनं एक वाक्य बोलतो. आणि शेवटी, शिष्य पांगलेले असताना, गंधरस आणि अगरू यांचं भरपूर मिश्रण घेऊन दफनाला हजर होतो. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्याचं नाव नाही, तो त्या संध्याकाळी तिथं होता. येशूनं त्याच्यामागं कुणाला पाठवलं नव्हतं.

कायदा काय सांगतो तेही पोरांनी विचारलं तर सांगतो. घटनेचं 25 वं कलम धर्म मानण्याचा, पाळण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर ख्रिस्ती वकिलांनी पुष्कळ टीका केली आहे. मला स्वतःला त्यात अडचण वाटत नाही, कारण कुणाचं हृदय बदलण्याचा हक्क मला माझ्या श्रद्धेनंही दिलेला नाही. ते काम पवित्र आत्म्याचं. भीती वाटते ती वेगळीच. टपरीवर दोन माणसं नवा करार उघडून बसली आहेत, एवढ्यावरून कुणी मोबाइल काढून चित्रण करायला लागेल, आणि उद्या या पोराच्या घरासमोर जमाव उभा राहील, ही. म्हणून त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, घरी सांग. माझं नाव सांग, कंपनी सांग, आपण काय वाचतो ते सांग.

त्यानं परवा सांगितलं. आई आधी रडली, मग म्हणाली, त्या माणसाला घरी बोलाव, बघू दे मला. वडील काहीच बोलले नाहीत, फक्त विचारलं, “चुलत्याकडं जायचं तुला त्यांनी सांगितलं का?” हा म्हणाला, “नाही, पुस्तकात होतं.”

रविवारी उपासना आटोपून मी त्यांच्याकडं जाणार आहे. नवा करार बरोबर नेणार नाही, त्याच्याकडं आहे. त्याच्या आईला जे विचारायचं असेल ते तिनं विचारावं, आणि पोराला माझ्याबरोबर बसू देऊ नये असं तिला वाटलं, तर तेही तिनं माझ्या तोंडावर सांगावं. वडील चाळीस वर्षांचे वारकरी आहेत. त्यांनी बोलायची तयारी दाखवली, तर त्यांच्याकडून मला तुकोबांबद्दल बरंच ऐकायचं आहे.