पंधरा दिवसांची कॉफी

मी बंगळुरात राहते, त्यामुळे फिल्टर कॉफी रोजचीच. पण झाडावर लगडलेली कॉफीची लाल फळं पहिल्यांदा पाहिली ती गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या मामाच्या कुळागरात, गेल्या जानेवारीत.

पेडण्यातल्या मोपा विमानतळावर उतरलं की धारगळ, म्हापसा, अस्नोडा करत डिचोली गाठायची. वाटेत खाणींनी खरवडलेले लाल डोंगर दिसतात आणि मध्येच एखादं गर्द कुळागर. कुळागर म्हणजे झऱ्याच्या पाण्यावर जगणारी मिश्र बाग. माड, पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी आणि खाली केळी. त्याच सावलीत मामाने सहा वर्षांपूर्वी रोबस्टाची शंभरेक रोपं लावली. अरेबिकाला उंचावरचा गारवा लागतो. रोबस्टा उष्ण, दमट हवेतही तग धरते. फिल्टर कॉफीला दाटपणा येतो तो बराचसा हिच्यामुळेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांना पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत जाईसारखी पांढरी फुलं येतात. त्यानंतर फळ पिकायला जवळजवळ 10 महिने लागतात.

तोडणी मला जमली. खरं काम पुढे, घरापुढच्या खळ्यात. फळं सालीसकट पातळ पसरायची, दिवसातून चार-पाचदा वरखाली करायची आणि ऊन कललं की गोळा करून ताडपत्रीखाली झाकायची. असं साधारण 15 दिवस. फळ कानाशी धरून हलवलं आणि आत बी खुळखुळली, की वाळलं. 5 किलो ताज्या फळांतून जेमतेम किलोभर बी मिळते.

सहाव्या दिवशी मामा-मामी एका लग्नाला गेले. "बाय, संध्याकाळी झाकून ठेव हां," मामा सांगून गेला. मी लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसले आणि विसरले. ती दोघं उशिरा परतली, अंधारात थेट झोपली. सकाळी सगळं खळं दवाने भिजलेलं. दोन-तीन दिवसांत फळांवर पांढरी बुरशी आली, आंबूस वास सुटला. मामाने दोन क्रेट फळं वेगळी काढून खताच्या खड्ड्यात टाकली.

मी रडवेली झाले. मामा म्हणाला, "तुला कशाला बोलू गो? गेल्या वर्षी मामीच्या ऑपरेशनवेळी माझंही असंच झालं. झाडं लावायला वेळ लागत नाही. पण 15 दिवस घरात माणूस लागतो."

मामाची दोन्ही मुलं बाहेर, एक पुण्यात, एक परदेशात. जमीन विकणार का, असे फोन आठवड्याला येतात. मामा नाही म्हणतो. पण आणखी किती वर्षं म्हणेल, हा प्रश्न मी त्याला विचारू शकले नाही, कारण त्याचं अर्धं उत्तर आम्हा भावंडांकडेच आहे.

निघताना मामीने वाळलेली, सोललेली अर्धा किलो बी बांधून दिली. बंगळुरात भाजून घेतली. चव रांगडी, कडू, किंचित मातकट. दूध थोडं जास्त लागतं.

मार्चमध्ये मामाचा फोन आला, "फुलं आलीत, सगळ्या बागेत वास भरलाय." मी लगेच भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं: जानेवारीचे 15 दिवस वाटून घेऊया, पहिले पाच माझे. पुण्याहून उत्तर आलंय, "पुढचे पाच माझे." उरलेल्या पाचांची वाट पाहतेय.